निकितानं बोललेला सिनेमा

सौंसरच्या बागा पुन्हा ताणावर गेल्या आहेत. ज्यांना संत्र्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. विहिरीत पाणी असतं, मोटर धडधाकट असते, पण बागेकडचा वॉल बंद. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, पिवळी पडतात, गळतात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि त्या मरणाच्या भीतीनं ते अंगभर फुलायची तयारी करतं. मग संक्रांतीच्या आगेमागे पाणी सोडायचं. फेब्रुवारीत अख्ख्या तालुक्याला फुलांचा वास सुटतो. छिंदवाड्याकडे जाणारे लोक गाडीच्या काचा खाली करतात आणि म्हणतात, वा! तो वास तहानेचा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. विचारतच नाहीत, तर सांगणार कोण?

मी आता पांढुर्ण्यात राहते. काम म्हणजे सिकलसेलची पत्रकं लिहायची, वाटायची, बाजाराच्या दिवशी चौकात टेबल लावायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बोटाला सुई टोचून एक थेंब घ्यायचा. हा आजार रक्ताचा. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं असं दुखतं की माणूस जनावरासारखा ओरडतो. थंडीत जास्त. तहानेत जास्त. आईबापाकडून पोराला येतो, शिवून होत नाही, बसून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की आता मलाच त्याचा राग येतो.

या हिवाळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. निकिताच्या पोरीच्या बोटातला रक्ताचा एक थेंब.

निकिता माझी सौंसरची मैत्रीण. शाळेतली, एका बाकावरची. तिला हा आजार जन्मापासून. लग्न होऊन ती पांढुर्ण्याला आली, माझ्या खोलीपासून चार गल्ल्या पलीकडे, आणि सासरी कोणालाच माहीत नाही. तिची आई म्हणाली होती, "विचारलं असतं तं सांगतलं असतं. कोनी विचारलंच नाही." आता तिला दीड वर्षांची मुलगी आहे. थंडी पडली की त्या पोरीचे हात-पाय सुजतात, बोटं गोल, तुकतुकीत, दाबली तर रडते. तान्ह्या लेकरात या आजाराची ही पहिली खूण असते. वेळेत कळलं तर गोळ्या आहेत, लसी आहेत, पोर जगतं, शाळेत जातं, भांडतं. नाही कळलं तर एका साध्या तापात जातं. मधलं काही नाही.

मी दोनदा फोन केला. निकिता म्हणाली, "थंडीनं होते वो. तेल लावून राहिलो मी."

*

थंडी. आठवीचं वर्ष होतं, आमच्याकडे तेव्हा आठवीलाही बोर्डाची परीक्षा, आणि आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप. किल्ली सरांकडे. किल्ली मागायची म्हणजे भर वर्गात उभं राहून मागायची. म्हणून आम्ही मुली पाणीच प्यायचो नाही. सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी घरी जाईस्तोवर एक घोट नाही. कोणी शिकवलं नव्हतं, मोठ्या मुली करायच्या म्हणून आम्ही करायचो. पुढं मी जेवढी पत्रकं लिहिली त्यातल्या कुठल्याच पत्रकात हे नीट मांडता आलं नाही. झाडाला तहानलेलं ठेवलं तर ते शेतीशास्त्र. पोरींना तहानलेलं ठेवलं तर ते काय? त्याला नावही नाही. नाव असतं तर निदान घोषणा देता आली असती.

नागपूरच्या डॉक्टरनं निकिताला बजावलं होतं, पाणी पी, तहान लागायची वाट पाहू नको. ती कोल्ड्रिंकची रिकामी मोठी बाटली भरून आणायची आणि बाकाखाली ठेवून जशीच्या तशी परत न्यायची. जाताना रस्त्याच्या कडेच्या बाभळीला ओतून द्यायची. "आई पाहाते ना, बाटली खाली झाली का नाही." मी म्हणायची, मग पी ना. ती म्हणायची, "पिऊ तं जाऊ कुठी? तुह्या घरी?"

तिला मधूनमधून नागपूरला नेऊन रक्त चढवायचे. पाचवीत असताना तिनं ही गोष्ट मोठ्या अभिमानानं वर्गात सांगितली होती: मले बाटलीतून रक्त देतात. संपलं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं रक्तपिती. तिच्या डब्यातलं कोणी खायचं नाही. खेळताना हात धरायची वेळ आली की पोरी फ्रॉकचं टोक पुढं करायच्या. मी तिच्या बाकावर बसले ती काही थोर मनानं नाही. मी लठ्ठ होते, बोलायला फटकळ होते, माझ्याही बाकावर कोणी बसत नव्हतं. एकटेपणाला दुसरा एकटेपणा दिसतो, बस. याला मैत्री म्हणायचं की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. दुसरं काही उपलब्धच नव्हतं.

*

त्या डिसेंबरात माझ्या भावाचा जुना मोबाइल मला मिळाला. सौंसरच्या बसस्टँडजवळ एक दुकानदार मेमरी कार्डात पिक्चर भरून द्यायचा. आम्ही म्हटलं, भुताची द्या. त्यानं कुठून तरी एक पिक्चर भरून दिली. उघडून पाहतो तर हिंदी नाही, इंग्रजी नाही, मराठी तर नाहीच. कुठल्या देशाची भाषा होती देव जाणे. नुसतं बर्फ. एक लहानसं रेल्वे स्टेशन, तिथं तिकिटं विकणारी एक बाई आणि तिचा पोरगा. आणि गाडीतून उतरलेली, कोट न घातलेली एक पोरगी.

आम्ही निकिताच्या बापाच्या बागेत बसायचो. ताणाच्या दिवसांत बागेत कोणी नसतं. तोडणी झालेली, पाणी बंद, काम नाही. पेट्या रचून ठेवायची एक पत्र्याची खोपी होती, तिच्या दाराशी उन्हात बसून तळहाताएवढ्या पडद्यावर तो सिनेमा. बॅटरी लवकर मरायची, म्हणून तुकड्यातुकड्यांनी. भाषा कळत नव्हती, म्हणून निकिता बोलायची. दोघांचंही. पोराचा आवाज जाड, पोरीचा बारीक, आणि मधूनमधून स्वतःची टिप्पणी.

"काहून वो, तुले थंडी नाही वाजून राहिली का?"

"नाही वाजत. मी मेलेली आहो."

"अशी कशी मेलेली? बोलून तं राहिली!"

"बोलाले काय लागते? आमच्या शाळेतले सर बी बोलतात."

मी हसून हसून आडवी व्हायची. पडद्यावरची ती पोरगी रक्तावर जगणारी आहे, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, तिनं एका कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं तेव्हा. मी ओरडले. निकिता मात्र अगदी धंदेवाईक नजरेनं बघत होती.

"बावळट आहे हे," ती म्हणाली. "तोंडानं पितात का कोनी? नागपूरले जाऊन बाटली लावून घेतली असती तं एवढा राडा कायले झाला असता? दोन घंटे पडून राहा लागते फक्त. आन् संत्री खायले भेटते."

मग थोड्या वेळानं, "इच्या घरच्याइनं इले जामसांवलीच्या मारोतीपाशी नेलं असतं ना, तं एका शनिवारात मोकळी झाली असती बिचारी."

त्या पोरीचा एक नियम होता. कोणी बोलावल्याशिवाय ती कोणाच्याच घरात जाऊ शकत नव्हती. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्यापाशी थांबायची. तो पोरगा तिला रोज आपल्या पावाचा अर्धा तुकडा द्यायचा. तिला तो खाता यायचा नाही, पण ती नाही म्हणायची नाही. खिशात ठेवायची. तिचे खिसे वाळक्या पावानं फुगलेले. मी विचारलं, खात नाही तर घेते कशाला? निकितानं पोरीच्या आवाजात उत्तर दिलं, "कोनी देल्लं तं ठेवा लागते. पुन्हा कोन देते?"

हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी मात्र तिच्याकडेच बघत होते. आजही कोणी मला मैत्रीवर चार शब्द बोल म्हटलं तर माझ्याकडे एवढे चारच शब्द आहेत, आणि तेही माझे नाहीत.

तिचे वडील संध्याकाळ व्हायच्या आधी बागेत चक्कर मारायचे. एकेका झाडाचं पान हातात घेऊन वळवून पाहायचे. "आणखी आठ दिवस," ते म्हणायचे, "तहान लागू द्या त्याइले. मंग पाह्यजो पोरी हो, कसे फुलं येते." चांगला माणूस. पोरीला नागपूरला नेण्यात कधी कसूर केली नाही. पण झाडाच्या पानाकडे ज्या नजरेनं पाहायचे त्या नजरेनं त्यांनी पोरीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलेलं मला आठवत नाही. आमच्या भागात संत्र्याचं झाड आजारी पडलं तर नागपूरहून माणूस येतो. कोळशी आली, फवारा. डिंक्या आला, खोडाला मलम. पोरगी आजारी पडली तर आधी पडदे ओढले जातात.

सिनेमा संपायला थोडासाच राहिला होता. जानेवारी लागला होता. शाळेत सराव परीक्षा, तीन तासांचा पेपर, हॉलमध्ये बाहेरचं ऊन येत नव्हतं. पेपर संपल्यावर निकिता बाकावरून उठलीच नाही. मांड्या धरून बसली आणि मग असा आवाज काढला की सर पळत आले. तिला उचलून न्यायला कोणी पुढं होईना. सरांनी दोन मुलांची नावं घेतली, ती मागं सरकली. शेवटी शाळेच्या स्वयंपाकीण काकूंनी एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. तिची भरलेली बाटली बाकाखालीच राहिली.

ती नागपूरला गेली. परत आली तेव्हा बागेत पाणी सुटलं होतं, मग फुलं आली, वासानं डोकं दुखायला लागलं, आणि आम्ही परीक्षा देत होतो आणि ती घरी होती. पुढं तिला शाळेत पाठवलंच नाही. "तिच्यानं होत नाही," म्हणाले. एक कुलूप काढायचं होतं फक्त. ते कोणाच्यानं होत नव्हतं.

*

मागच्या महिन्यात आमच्या संघटनेतल्या एका कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर मला तो सिनेमा सापडला. बर्फातलं ते स्टेशन पाहिलं आणि ओळखलं. आता खाली इंग्रजी ओळी होत्या. दुपारी खोलीचं दार लावून मी तो पाहिला, पहिल्यांदा अर्थासकट.

फार थोडं बोलतात ती दोघं. निकिता जिथं सगळ्यात जास्त बोलायची, तिथं ती नुसती शेजारी बसलेली असतात. पावाचा तुकडा घेताना ती पोरगी काहीच म्हणत नाही. मला फसवल्यासारखं झालं. एवढा मोठा सिनेमा काढणाऱ्यांना तिच्या तोंडी एक वाक्य घालता आलं नाही, आणि आठवीतल्या एका पोरीनं उन्हात बसून ते बोलून टाकलं होतं.

शेवटही पाहिला. गावाला कळतं ती कोण आहे. लोक तिला शोधतात. ती पोराच्या दाराशी येऊन उभी राहते. त्यानं फक्त ये म्हणायचं आहे. आणि त्याची आई आतून त्याच्या तोंडावर हात ठेवते. वाईट बाई नाही ती, घाबरलेली आहे. पोरगी वाट पाहते. मग उजाडतं. उन्हात ती जगू शकत नाही, हे आपल्याला माहीत असतं. कॅमेरा तिच्याकडे जातच नाही, पोराच्या डोळ्यांकडे राहतो.

बरं झालं निकितानं हे पाहिलं नाही, असं मला वाटलं. आणि लगेच स्वतःची चीड आली. तिनं न पाहिलेलं यातलं काय आहे?

आमच्या पत्रकात एक ओळ असते: लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या. 'दोघांनी' हा शब्द जाड ठशात. लोक नेमका तेवढाच वाचत नाहीत. मुलीचं रक्त विचारतात, मुलाचं विचारणं म्हणजे अपमान. तपासणीत काही निघालं की मुलीचं लग्न मोडलं, तिच्या बहिणीचं मोडलं, मावसबहिणीचं मोडलं. म्हणून आता टेबल दिसलं की बायका पोरींना घेऊन रस्ता बदलतात. मी सुई घेऊन उभी आणि समोरून गल्ली रिकामी होत जाते. रक्त मागत फिरणारी आता मी आहे.

*

संक्रांतीनंतर निकिताचाच फोन आला. पोरीची लूट होती. आमच्याकडे लहान लेकराची पहिल्या काही संक्रांतींना लूट करतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, मुरमुरे, चॉकलेटं ओतायची. गल्लीतली पोरं ती लुटतात. थंडी बाधू नये म्हणून करतात म्हणे.

"तू ये," निकिता म्हणाली. आणि लगेच, "पन ते थैली आणू नको. त्याच्यावर लिहून आहे."

'सिकलसेल' असं छापलेल्या त्या पिशवीत सुया होत्या, पट्ट्या होत्या, सगळं होतं. मी ती खोलीत ठेवली. मनात म्हटलं, एकदा आत तर जाऊ. तोंड तर सोबत आहे ना.

सासूनं दारातच हात धरला. "ये वो बाई, ये. बाहेर काहून उभी? सुनबाईची मैत्रीण म्हंजे घरचीच." प्रेमळ, बोलकी बाई. माझ्यासाठी चटई झटकली, निकिताला म्हणाली, "इले आधी पानी दे." घर बायकांनी भरलेलं; टेबल पाहून रस्ता बदलणाऱ्यांनी माझा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. मध्ये पाटावर ती पोरगी, डोळ्यांत काजळ, गळ्यात हलव्याची माळ, आईचंच नाक.

ओतलं. पोरं तुटून पडली. ती हसली, खाली बघितलं आणि समोरच्या बोरावर हात टाकला. बोर निसटलं. पुन्हा टाकला. तिची मूठच मिटत नव्हती. बोटं पाचही फुगलेली, ताठ. तिनं दोन्ही तळव्यांमध्ये बोर धरायचा प्रयत्न केला, तेही घरंगळलं, आणि शेजारच्या पोरानं उचलून तोंडात टाकलं. बायका हसल्या. "लय भोळी आहे बाप्पा! हिले लुटताच येत नाही!"

सासूही हसली. तिला उचलून माझ्या मांडीवर दिलं. "पाह्य, हात कसे सुजते थंडीनं. मी रोज मोहरीचं तेल लावतो. डॉक्टर म्हनते, गुटगुटीत आहे." मी तो हात हातात घेतला. गरम होता. मी जरा दाबला असेन, ती किंचाळली.

"तू काय करते वो बाई?" सासूनं विचारलं. सहज. सगळ्या बायका बघत होत्या.

मी चौकात ओरडते. मी तहसीलच्या पायऱ्यांवर बसते. मला गप्प बसवायला एकदा पोलीस आले होते, तेव्हाही मी गप्प बसले नाही. समोर निकिता तिळगुळाची वाटी घेऊन उभी होती. तिनं डोळ्यांनी काही सांगितलं नाही, हात जोडले नाहीत. ती फक्त माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही काकू," मी म्हणाले. "घरीच असते."

ती पोहोचवायला बाहेर आली. मी चप्पल घालता घालता म्हणाले, "निकी, बोटं पाहिली ना तू?"

"पाह्यली."

"मग? तुला कळत नाही का?"

"मले कळत नाही का?" ती हळूच म्हणाली. "माह्या हाताले तेच झालं होतं. मायनं सांगतलं मले. मले सारं माहीत आहे वो. तू तपासलं तं त्याइले बी माहीत होईन, एवढाच फरक. मंग मी कुठी जाऊ? तुह्या घरी?"

"गोळ्या असतात निकी. तापानं जाईल ती."

"पानी पाजतो मी तिले," ती म्हणाली. "भरपूर पाजतो. घंट्याघंट्याले."

मी दुसरी चप्पल पायात घातली. ती आत वळली. दार तसंच उघडं होतं. आतून एका शेजारणीचा आवाज आला, "बसली नाही वो जास्त? कोन होती?"

"कोनी नाही," निकिता म्हणाली. "शाळेतली होती एक."